परवाना सरकारचा, बंदूक कोणाची?

कर्नाटकात असलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात बंदुकीचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, खंडेनवमीला जिची पूजा करतो ती आजोबांची बंदूक सरकारने मागावीच कशी? कोडगूतल्या (कूर्गमधल्या) लोकांना परवान्यातून सूट आहे, मग आम्हीच काय पाप केले? दुसरी बाजू म्हणते, बंदुका जितक्या कमी तितके बरे, ज्याला हौस असेल त्याने फौजेत भरती व्हावे. दोन्हीकडून तावातावाने बोलले जाते आणि त्या गदारोळात एक साधा प्रश्न राहून जातो. रीतसर विकत घेतलेल्या, पावती असलेल्या, परवान्यावर क्रमांक चढलेल्या बंदुकीचे मोल कायदा बदलल्यामुळे मातीत गेले, तर ते नुकसान कोणी सोसायचे?

माझी भूमिका आधीच सांगतो. खासगी शस्त्रांची संख्या कमी करण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्याने वापरावा असेच मला वाटते. पण एखादी कायदेशीर वस्तू बाळगण्याचे आणि विकण्याचे रस्ते सरकार बंद करते, तेव्हा ती वाजवी दराने स्वतः विकत घेण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. मालकाला न्याय मिळावा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माझ्या लेखी अधिक मोठे आहे: ज्या बंदुकीला कायदेशीर गिऱ्हाईक उरत नाही ती नाहीशी होत नाही, ती फक्त कागदावरून नाहीशी होते.

२०१९ च्या दुरुस्तीचेच बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मुळात संख्येची मर्यादा नव्हती. १९८३ मध्ये ती तीनवर आणली गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये दोनवर. सरकारच्या मूळ विधेयकात तर एकच शस्त्र ठेवायची मुभा होती, विरोध झाल्यावर दोन झाली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी कोणतीही दोन ठेवून तिसरे वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि त्यानंतर नव्वद दिवसांत त्याचा परवाना रद्द व्हायचा. वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू झाली. ते वर्ष म्हणजे २०२०. मार्चअखेर टाळेबंदी लागली, कचेऱ्या आणि बाजार कित्येक महिने सुरळीत नव्हते, आणि त्याच काळात देशभरच्या तीन शस्त्रे असलेल्या प्रत्येक माणसाला आपले तिसरे शस्त्र खपवायचे होते. विकणारे सगळे एकाच वेळी बाजारात उतरले आणि घेणाऱ्यांचीही मर्यादा त्याच दिवशी दोनवर आलेली. अशा बाजारात भाव कोण ठरवणार? विक्रेता म्हणेल तो भाव, आणि तोही त्याने घ्यायला होकार दिला तर.

जुन्या रायफलीची किंमत कशी ठरते हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांना वाटते की ती मोटारसायकलीसारखी वापराप्रमाणे उतरत जाते. तसे होत नाही. विक्रेता नळी उजेडाकडे धरतो, आतले आटे झिजलेत का, गंज धरलाय का ते बघतो, दस्त्याला तडा आहे का ते चाचपतो, बोल्ट मागेपुढे ओढून बघतो. हे सगळे दोन मिनिटांत आटोपते. मग तो जे प्रश्न विचारतो त्यांवर खरा भाव ठरतो. हिची काडतुसे मिळतात का? हा बोअर, म्हणजे नळीचे हे माप, परवान्यावर चढतो का? आणि सध्या कोणाच्या हातात खरेदीची मुदत शिल्लक असलेला परवाना आहे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे कारखान्यात ठरत नाहीत, सरकारी अधिसूचनेत ठरतात. पोलाद तेच, लाकूड तेच, मोल मात्र राजपत्र ठरवते.

आपल्या देशातच याचे दोन्ही टोकांचे नमुने आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपलीच. जुन्या देसाई-इनामदार घराण्यांतल्या विलायती शिकारी रायफली निरुपयोगी होत गेल्या, पुढे परदेशी काडतुसे मिळेनाशी झाली आणि त्या भिंतीवरची शोभा होऊन बसल्या. त्याच वर्षी पुरावस्तूंचा कायदाही झाला, त्यामुळे शंभर वर्षांहून जुनी देखणी बंदूक लंडनच्या लिलावात पाठवून पैसे करायचा मार्गही उरला नाही. मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली आणि बरोबर उलटे घडले. जुने विलायती रिव्हॉल्व्हर, जे बाहेरच्या देशात किरकोळ भावात मिळेल, ते इथे लाखांत गेले, कारण नवे येणार नव्हते आणि असलेले मात्र परवान्यावरून परवान्यावर जाऊ शकत होते. इशापूरच्या सरकारी कारखान्याची ०.३१५ बोअरची रायफलही कायद्याचीच संतती आहे. फौजेची ०.३०३ सामान्य माणसाच्या हाती द्यायची नाही, म्हणून तिच्या काडतुसाशी न जुळणारा हा वेगळा बोअर नागरी वापरात रुळला. काडतुसे देशी कारखान्याची मिळत राहिली, म्हणून तिला आजही गिऱ्हाईक आहे. तिच्याहून कितीतरी सरस विलायती रायफल मात्र कोणी फुकटसुद्धा घेत नाही.

अमेरिकेत १९८६ मध्ये असेच झाले. त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर बनलेली स्वयंचलित बंदूक नागरिकाला विकता येणार नाही असा कायदा झाला, पण आधी नोंद झालेल्या बंदुका एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होत्या. तुटपुंजा साठा, वाढती मागणी; आज त्या जुन्या नोंदणीकृत बंदुका हजारो डॉलरना जातात. नवा माल अडवला आणि हस्तांतर चालू ठेवले की भाव चढतो. हस्तांतरच अडवले की भाव कोसळतो. हे एकदा लक्षात आले की बंदूकवाल्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद मला मान्य करता येत नाही, तो असा की 'माझ्या रिव्हॉल्व्हरला बाजारात पाच लाख येत होते, सरकारने पाच लाखच द्यावेत'. तो चढा भावही कायद्याच्याच कृपेने आलेला होता. आयातबंदीने जे फुकट दिले ते दुसऱ्या बंदीने गेले, तर त्याबद्दल दाद मागता येणार नाही. भरपाई मागायची तर वस्तूच्या मूळ किमतीच्या आणि स्थितीच्या हिशेबाने, टंचाईच्या भावाने नाही.

आता आपल्या सीमाभागाकडे येतो, कारण इथे हा प्रश्न आणखी अवघड होतो. बेळगावातून चंदगडच्या रस्त्याला लागले की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. सोयरीक दोन्हीकडे, ऊस दोन्हीकडे जातो, म्हैस सकाळी बेळगावात विकली तर संध्याकाळी चंदगडच्या गोठ्यात बांधलेली असते. बंदूक तशी जात नाही. परवाना साधारणपणे जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता. खानापूरच्या माणसाला आपली बारा बोअर शिनोळीच्या पाहुण्याला द्यायची, तर त्या पाहुण्याकडे कोल्हापूर जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना हवा, त्यावर तो प्रकार हवा, इकडून ना हरकत हवी, नेण्याची परवानगी हवी. शिवाय शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नावगाव आधी लेखी कळवायचे आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचे. यातली प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाहिली तर योग्यच आहे, शस्त्र कोणाच्या हाती जाते हे सरकारला कळलेच पाहिजे. पण सगळ्या एकत्र आल्या की सीमेलगतच्या माणसाचा निम्मा बाजार आपोआप कापला जातो. त्यात इकडचे अर्ज, शेरे, नोटिसा कन्नडमध्ये. ज्या म्हाताऱ्याचे शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत झाले, तो मुदतीची नोटीस कोणाकडून तरी वाचून घेतो, आणि तोवर मुदतीतले दिवस निघून गेलेले असतात.

इथे विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतला पाहिजे. ते म्हणतात, बंदूक ही शेतासारखी मालमत्ता नव्हेच. ती परवान्याच्या मेहेरबानीवर घरात राहते, आणि परवाना काढून घेतला तर मालकाने तक्रार कशाची करायची? यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही स्पष्ट केले होते की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या संविधानात नाही. 'शस्त्र हा आमचा हक्क' असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य सोडून दिलेले बरे. पण परवाना आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद शस्त्र कायद्यानेच केला आहे. त्याचे कलम २१ सांगते की परवाना संपल्यामुळे जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत पात्र माणसाला विकून त्याचे पैसे घेण्याचा अधिकार जमा करणाऱ्याला आहे, तो वारला तर त्याच्या वारसाला आहे. मुदत टळली तर मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होते. म्हणजे परवाना गेला तरी पैसे मालकाचेच, हे कायद्याला मान्य आहे. मग ज्या काळात सरकारनेच गिऱ्हाईक संपवले, त्या काळात 'विकून पैसे घे' या अधिकाराला अर्थ काय उरतो? संविधानाचे कलम ३००अ म्हणते, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. कायदा आहे, त्यामुळे घेणे वैध असेलही. पण वैध म्हणजे न्याय्य नव्हे, आणि हा फरक समजून घ्यायला आपल्याला दूर जायची गरज नाही.

बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा, १९५० मध्ये, परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला. वतन हीसुद्धा सरकारच्या मर्जीने चालणारी गोष्ट, आणि ती जायलाच हवी होती यात मला शंका नाही. शेकडो वर्षांचे ते गावगाड्यातले वर्चस्व होते. तरीही त्या कायद्याने वतन घेताना जमीन पूर्वीच्या वतनदाराला ठरलेली रक्कम भरून परत मिळण्याची वाट ठेवली. ज्यांचा विशेषाधिकार मोडायचा होता, त्यांनाही हात हलवत घरी पाठवले नाही. वतनदाराला जे सौजन्य दाखवले, ते बारा बोअरवाल्याला दाखवायला काय अडचण आहे?

यावर उत्तर मिळते की गरिबांच्या करातून जमीनदारांच्या हौसेची भरपाई कशाला? ज्यांनी बंदूक फक्त वाड्यात पाहिली आहे त्यांना हा प्रश्न पडतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे आणि सीमाभागातल्या गावागावांत पेन्शनवर आलेले जवान आहेत. निवृत्तीनंतर त्यांच्यातल्या अनेकांना रोजगार मिळतो तो बंदूकधारी रखवालदाराचा: बँकेच्या दारात, सोन्याच्या पेढीवर, रोकड नेणाऱ्या गाडीवर. आणि तिथे विचारतात, स्वतःची परवान्याची बंदूक आहे का? असेल तर पगार जास्त, नसेल तर काठीवाला पहारेकरी. आमच्या भागातले एक माजी हवालदार मला माहीत आहेत. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एकनळी बारा बोअर घेतली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या त्यांच्या परवान्यावर नूतनीकरणाचे शिक्के एकाखाली एक आहेत, त्यातल्या जुन्या शिक्क्यांची शाई पार फिकी पडली आहे. गुडघे गेले, नोकरी सुटली, आता ती बंदूक विकायची आहे. मुलगा पुण्यात, त्याला नको. २०१६ च्या नियमांनी परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले की वारसाच्या नावे परवाना करण्याची सोय केली आहे, पण वारसालाच नको असेल तर ती सोय काय कामाची? विक्रेत्याने त्यांना सांगितले, ठेवून जा, गिऱ्हाईक आले तर बघू, तोवर ठेवणावळ द्यावी लागेल. या हवालदारमामांनी त्या बंदुकीवर घर चालवले आहे. तिला हौस म्हणणारा माणूस त्यांच्या दारी आलेला नाही.

पीक राखणाऱ्याचेही तेच. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झाले, ते हवेच होते, म्हादईचे खोरे त्यामुळे राखले गेले. पण रानालगतच्या भातावर आणि उसावर रानडुकरे, गवे, कधी हत्ती येतात. तिथे बंदूक बहुतेक वेळा हवेत बार काढण्यापुरतीच असते, जनावर मारायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. अशा शेतकऱ्याच्या घरात काकांची एक, वडिलांची एक आणि आजोबांची ठासणीची एक अशा तीन बंदुका एका वारसाकडे जमल्या, तर तो काही शस्त्रांचा साठेबाज ठरत नाही. त्याची तिसरी बंदूक जरूर घ्या. पण घेताना पैसे द्या.

कोडगूचे उदाहरण देणाऱ्यांनाही सांगायला हवे की ती वाट आपली नाही. तिथली सूट कोडव समाज आणि जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना इंग्रजी अमलापासून आहे, केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम ठेवली. एका समाजाच्या इतिहासातून आलेली सूट दुसऱ्याने मागून मिळत नसते, आणि मिळाली तरी खानापूरच्या गल्लीगल्लीत बिनपरवाना बंदुका आलेल्या मला नको आहेत. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने माणूस मरतो, घरगुती भांडणात हाताशी बंदूक असली की राग निवळायला वेळच मिळत नाही. बंदुका कमी कराव्यात म्हणणाऱ्यांची ही भीती खरी आहे. म्हणूनच मला त्यांच्याशी वाद घालायचा आहे तो उद्दिष्टाबद्दल नव्हे, रीतीबद्दल.

न्यूझीलंडने काय केले ते पाहा. मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत हत्याकांड झाले. महिन्याभरात तिथे बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. पण बंदीपाठोपाठ दरपत्रकही आले: प्रत्येक नमुन्याची आधारभूत किंमत ठरवली, बंदूक नव्यासारखी असेल तर तिच्या ९५ टक्के, वापरलेली असेल तर ७०, खराब असेल तर २५ टक्के. लोक शिबिरांत आले, बंदूक टेबलावर ठेवली, पैसे खात्यावर जमा झाले. डिसेंबर २०१९ पर्यंत पन्नास हजारांहून जास्त बंदुका गोळा झाल्या. आपली दुरुस्ती अमलात आली तीही नेमक्या त्याच महिन्यात. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सहा लाखांवर बंदुका विकत घेतल्या आणि त्यासाठी एका वर्षापुरता आरोग्य कर ०.२ टक्क्यांनी वाढवला. कायदा कडकच होता. लोकांनी तो पाळावा यासाठी सरकारने आपला खिसाही उघडला.

आपल्याकडे तेवढा पैसा कुठून आणणार, असे विचारले जाईल. पण जे म्हणतात की तिसऱ्या बंदुकीचा प्रश्न मोजक्याच लोकांचा आहे, तेच खर्च झेपणार नाही असेही म्हणतात. माणसे मोजकी असतील तर खर्चही मोजकाच असणार, दोन्ही आक्षेप एका वेळी खरे ठरू शकत नाहीत.

मोबदल्याशिवाय नि:शस्त्रीकरण केले की काय होते, याचा धडा आपल्या शेजारीच आहे. १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारांवर परवान्याची सक्ती केली, तेव्हा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडर जमातीने हत्यारे द्यायला नकार दिला. त्यांच्यासाठी हत्यार हेच पोट होते, शिकार आणि शिबंदी यावरच त्यांचे घर चाले. कंपनीच्या फौजेने गाव जाळले, पकडलेल्यांतल्या अनेकांना फासावर दिले, आणि त्या लढ्यावर कन्नडमध्ये रचलेल्या लावण्या अजून गायल्या जातात. आज कोणी बंड करणार नाही, मी तसे सुचवतही नाही. आजचा माणूस वेगळे करतो. तो बंदूक हरवल्याचे सांगतो, माळ्यावर टाकतो, परवाना नूतनीकरणाला नेत नाही, नाहीतर कोणी न विचारता रोख पैसे देणारा भेटला की ती त्याच्या हाती देऊन मोकळा होतो. त्या क्षणी नोंद असलेली, क्रमांक असलेली, कोणाच्या ताब्यात आहे हे ठाण्याला माहीत असलेली बंदूक बेनामी होते. सरकारने वाचवलेल्या चार पैशांची ही किंमत आहे, आणि ती मालक भरत नाही, ज्याच्यावर उद्या ती रोखली जाईल तो भरतो.

शस्त्रे हा विषय संविधानाने केंद्राकडे दिला आहे, त्यामुळे कायदा बेळगावात बदलणार नाही हे मला कळते. पण कलम २१ खाली मुदत संपत आलेली शस्त्रे ठरलेल्या दराने विकत घेऊन वितळवायला राज्याला कोण अडवते? जमा केलेल्या शस्त्राची पावती आणि मुदतीची नोटीस सीमाभागात कन्नडबरोबर मराठीतही द्यायला नवा कायदा लागत नाही. कोल्हापूर आणि बेळगावच्या जिल्हा प्रशासनांनी ना हरकतीची एकच जोडप्रक्रिया ठरवली, तर शिनोळीच्या पाहुण्याला रीतसर बंदूक घेता येईल, आणि तिची नोंद दोन्हीकडे राहील. दर हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, सीमाप्रश्नावर भाषणे होतात, मोर्चे निघतात. या वर्षी खानापूर आणि बेळगाव ग्रामीणच्या आमदारांनी तिथे एक लेखी प्रश्न विचारावा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर या जिल्ह्यात किती शस्त्रे जमा झाली, त्यांपैकी किती विकली गेली, किती सरकारजमा झाली, आणि सरकारजमा झालेल्यांच्या मालकांना किती रुपये मिळाले?